पुतण्याच्या फॉर्मची नक्कल

"सर, बरोबर भरलाय ना? एवढा एक शिक्का मारा, म्हंजे चारची एस्टी मिळेल."

फॉर्म हातात घेतला आणि मी कपाळाला हात लावला. पहिला पसंतीक्रम पुणे, कॉम्प्युटर. दुसरा पुणे, इलेक्ट्रॉनिक्स. तिसरा, चौथा, थेट शेवटपर्यंत पुणे. जळगाव नाही, धुळे नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवायचो. दर जून-जुलैत आम्हा मास्तरांना ॲडमिशनच्या टेबलावर बसवत. बारावीच्या मार्कांवर प्रवेश. फॉर्मवर कॉलेज आणि ब्रँच यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने लिहायच्या. नंबर लागला की वरून पहिली जी जोडी शिल्लक असेल, ती तुमची. एकही शिल्लक नसेल तर राम राम. आमचं काम फक्त फॉर्म तपासून शिक्का मारायचं. सल्ला द्यायचा पगार नव्हता, पण मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार.

समोर उभे होते सावद्याचे केळीवाले शेतकरी, गाव त्यांना नाना म्हणायचं. शेजारी त्यांची मुलगी उज्ज्वला, गप्प उभी. मार्क मात्र बोलके होते. तिन्ही विषय मिळून तीनशेपैकी दोनशे एकाहत्तर.

"नाना, हा फॉर्म कोणी भरला?"

"मीच. पुतन्याच्या फॉर्मवरून उतरवला. त्याले हिच्याहून कमी मार्क होते, तरी पुन्याले कॉम्प्युटर मियालं. मंग हिले काऊन नाही मियनार?"

इथेच पाणी मुरत होतं. पुतण्या पुण्याला शिकायला गेला तेव्हा खानदेश पुण्याच्या विद्यापीठात होता. मधल्या काळात आपलं वेगळं विद्यापीठ झालं. प्रवेशाचा नियम असा, की ज्या विद्यापीठाच्या हद्दीत बारावी झाली ते तुमचं 'होम युनिव्हर्सिटी'. तिथल्या कॉलेजातल्या बहुतेक जागा तिथल्याच मुलांना, बाहेरच्यांना थोड्या. म्हणजे पुतण्या पुण्यात घरचा होता आणि उज्ज्वला बाहेरची झाली होती. त्या थोड्या जागांवर अख्ख्या महाराष्ट्राची हुशार पोरं तुटून पडायची.

हे मी समजावलं. नानांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंग पुतन्याच्या खोलीचा पत्ता टाकू ना. पुन्याचाच हाये."

"नाना, पत्त्याला कोण विचारतंय? बारावी कुठे झाली ते बघतात."

आता त्यांचा आवाज चढला. "सर, स्पष्ट बोलू? तुमाले तुमच्या कॉलेजात पोरं पाह्यजेत, म्हनून सांगू राह्यले तुमी!"

मला राग आलाच. पण त्यांचंही काय चुकलं? मी त्याच कॉलेजचा पगार खात होतो. मग मला त्यांच्याच धंद्यातलं सुचलं.

"नाना, सावदा स्टेशनवर केळीसाठी वॅगन लागतात. त्या आधी कोणाला मिळतात?"

"सावद्यावाल्यायले. आनखी कोनाले?"

"आणि उद्या तुमचा मळा दुसऱ्या स्टेशनला जोडला, तर सावद्याच्या वॅगनवर तुमचा हक्क?"

"उरली तं मियनार..." नाना थांबले. फॉर्मकडे पाहिलं. मग पोरीकडे. "अरे बापा! म्हंजे आमचं स्टेशनच बदललं!"

"तेच तर केव्हाचा सांगतोय."

नाना समोरच्या बाकावर बसले. हळू आवाजात म्हणाले, "सर, हिच्या आईले मी शब्द देल्ला हाये. औंदा नंबर लागला तं शिकवीन, नाही लागला तं लगीन. स्थय पाहून ठेवलंय." उज्ज्वला जमिनीकडे बघत होती. शिक्का मारला असता, तर तिचं शिक्षण मीच बंद केलं असतं.

खाडाखोड केलेला फॉर्म बाद व्हायचा. नवा हवा होता आणि विक्रीची खिडकी बंद झालेली. मी प्राचार्यांकडे धावलो.

"एका फॉर्मला अर्धा तास? बाहेर लाइन बघितलीस?"

"सर, एक कोरा फॉर्म द्या. दोनशे एकाहत्तरवाली पोरगी वाया जाईल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, ड्रॉवर उघडला आणि फॉर्म दिला. "चुकला तर दुसरा नाही. आणि पाचला टेबल बंद."

मी खुर्चीवर बसून रुबाबात म्हणालो, "लिही. एक, जळगाव, कॉम्प्युटर. दोन, धुळे..."

उज्ज्वलाचं पेन हलेना.

"काय झालं?"

"सर, मला इलेक्ट्रिकल हवंय."

"इलेक्ट्रिकल!" मी आणि नाना एकदमच ओरडलो. नाना म्हणाले, "खांबावर चढशील का तू?"

"खांबावर वायरमन चढतात, नाना. कुठल्या खांबावर किती लोड द्यायचा ते इंजिनिअर ठरवतो. तो नीट ठरत नाही म्हणून दर उन्हाळ्यात आपली मोटर जळते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जळलेल्या मोटरचं वाइंडिंग परत भरताना मी दोनदा बसून पाहिलंय, सर. मला ते कळतं. कॉम्प्युटर मी अजून पाहिलासुद्धा नाही."

खरं सांगतो, मला ते मार्कांचं मातेरं वाटलं. ते मी बोलूनही दाखवलं. पण घड्याळात पाचला दहा कमी होते आणि पोरीच्या आवाजात कंप नव्हता. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहू द्या तिला."

जळगाव इलेक्ट्रिकल, धुळे इलेक्ट्रिकल, मग बाकीचं. मी शिक्का मारला.

पहिल्याच यादीत तिचं नाव होतं. जळगाव, इलेक्ट्रिकल. त्याच यादीसमोर नुसतं पुणे भरलेली तीन-चार पोरं आपलं नाव शोधत उभी होती. त्यांचं वर्ष गेलं. उज्ज्वला चार वर्षांत पास झाली आणि वीज खात्यात लागली. माझ्या 'मातेऱ्या'बद्दल तिने मला कधी टोमणा मारला नाही, हा तिचा चांगुलपणा.

पण नाना ते नानाच. पुढच्याच जूनमध्ये केळीची मोठी फणी टेबलावर ठेवून उभे. सोबत शेजारी आणि त्याची मुलगी.

"सर, आमच्या उज्ज्वलाच्या फॉर्मची झेरॉक्स द्या. हा तसाच उतरवून घेईल."

शेजाऱ्याने खिशातून पेनसुद्धा काढलं होतं. मी कोरा फॉर्म काढला, ते पेन त्याच्या हातातून घेतलं आणि पोरीपुढे ठेवलं.

"हं, बोल बाई. तुला काय कळतं?"