आधीच लिहून आणलेली कार्डं

सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देणाऱ्या त्या भावंडांत कामाची वाटणी आपोआप झाली होती. दादा बोलायचा, ती शिवायची. गिऱ्हाइकाला दादा असा काही गुंगवायचा, की एका खुर्चीसाठी आलेला माणूस अख्खा सोफा टाकून जायचा. ती मागच्या खोलीत मशीनवर. पन्नाशी आली, तरी तिला कुणाशी चार शब्द बोलायची वेळच आली नाही.

मग दादा परदेशात मुलाकडे राहायला गेला, आणि दुकानाचं तोंडच मिटलं. लोक दारातून डोकावायचे, "ते नाहीत का?" विचारायचे आणि निघून जायचे.

"छोट्या धंदेवाल्यांचा मेळावा आहे ना, जा की," दादा फोनवर म्हणाला. "ओळखी होतील. कार्डं छापून घे."

छापखानेवाला म्हणाला, पाचशेच्या खाली छापत नाही. पाचशे माणसांशी बोलायचं, या कल्पनेनंच ती तिथून परत फिरली. घरी येऊन तिनं कापडाच्या नमुन्यांमागचे पांढरे पुठ्ठे कापले आणि वळणदार अक्षरात नाव, काम, फोन लिहिला. मागची बाजू उघडीबोडकी वाटली, म्हणून तिथं लिहिलं : तुम्हाला भेटून बरं वाटलं.

मेळाव्यात ती चहाच्या टेबलाजवळ भिंतीला चिकटून उभी राहिली. लोक कार्ड घ्यायचे, खिशात सारायचे आणि बोलता बोलता पुढं सरकायचे. एकानं तर कार्डावरच कप ठेवला. फक्त एका फुलवालीनं कार्ड उलटून पाहिलं.

"अहो, हे घरूनच लिहून आणलंत?"

"हो. इथं गर्दीत सुचलं नसतं."

"आणि भेटून बरं नसतं वाटलं तर?"

"तर दिलं नसतं."

फुलवाली खळखळून हसली.

पुढच्या आठवड्यात कार्ड घेतलेल्यांपैकी तीच एकटी दुकानात आली, बैठक फाटलेलं स्टूल घेऊन. काम होईपर्यंत ती गुडघा, सून, महागलेली फुलं, सगळ्यावर बोलली, आणि "येते हं" म्हणून गेली. त्यानंतर दुकान पूर्वीपेक्षा जास्तच सुनं वाटू लागलं. दादानं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "खूप ओळखी झाल्या रे." तो खूश झाला.

एका दुपारी मात्र तिनं दुकानाला कुलूप घातलं आणि फुलवालीकडे गेली. "शिवण उसवली नाही ना, बघायला आले."

"बसा, बसा!" फुलवाली म्हणाली. पण गिऱ्हाइकं थांबेनात, तिला मान वर करायला सवड नव्हती. ही बराच वेळ नुसती बसून राहिली. जावं की थांबावं, कळेना. शेवटी खाली वाकली आणि पायाशी पडलेले ओले देठ एकेक करून टोपलीत गोळा करू लागली.