गेरूच्या वर

त्या डॉक्टरला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही. वडगावला त्याचा दवाखाना आहे. बाहेर पंधरा माणसं ताटकळत असतात आणि आत तो खुर्चीतून न उठता रोग ओळखतो. बेडशाला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचा पाय त्याने असाच लांबून ओळखला.

भाताच्या लावणीत तिच्या पायात काच घुसली होती. तिसऱ्या दिवशी घोटा लाल होऊन सुजला, वर दोन-तीन फोड आले. आळीतल्या सगळ्यांनी नागीण ठरवून टाकली. नागिणीवर आमच्याकडे गेरूचा लेप देतात, तोही लालीच्या पुढे बोटभर जास्त, म्हणजे तिची वाट अडते. लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानातून रजा काढून मी गेलो होतो. सहाणेवर गेरू मीच उगाळला.

संध्याकाळी ती म्हणाली, "आरं, गेरूच्या वर दुखतंय." मी आणखी वर लावला. सकाळी ताप भरला, पायावर चादरसुद्धा सोसेना, आणि दुखणं पुन्हा गेरूच्या वर. मी पुन्हा लावला.

मग वडगाव गाठलं. त्या शहाण्याने पायाला बोट लावलं नाही. लेप बघून नागीणच म्हणाला, गोळ्या खरडल्या आणि बायका जरा जास्तच कण्हतात असं मला हसत सांगितलं. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी ती बरळायला लागली, तेव्हा तिला तळेगावच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या सिस्टरने आधी ओल्या कापसाने सगळा गेरू पुसून काढला. खाली कातडी जांभळी-काळी पडली होती. लालीच्या कडेने तिने पेनाने रेघ ओढली. तासाभरात लाली रेघेच्या पुढे गेली होती. सर्जन म्हणाले, जंतू कातडीखालून पसरतात, वरून दिसतं त्याच्या कितीतरी पट दुखतं, हीच याची खूण. काल आणलं असतं तर कदाचित पाय वाचला असता. तो गुडघ्याच्या वरून काढला.

एक ओला कापूस आणि एक रेघ. पेन तर वडगावच्या त्या माणसाच्या हातातच होतं.

शुद्धीवर आल्यावर तिने त्याचं नावही काढलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला दोनदा सांगितलं व्हतं, वर दुखतंय म्हनून."

दोन्ही वेळा मी ऐकलं होतं. दोन्ही वेळा ती दाखवत होती तेवढीच जागा मी गेरूने झाकली होती.