सुभेदारांनी उतरवलेली टोपी

विचुंब्याच्या तुळशीराम म्हात्र्यांना नावाने हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. उभं तारुण्य पलटणीत घालवून, ब्रह्मदेशाच्या जंगलातून धडधाकट परत येऊन ते पेन्शनीवर घरी बसले होते. बसले होते हे आपलं म्हणायचं. कुठल्या मांडवात नवरदेवाचा फेटा कलला असेल, तर तो सरळ होईपर्यंत सुभेदारांच्या घशाखाली घास उतरत नसे. पोस्टमनच्या अंगावर खाकी असायची हे त्याचं दुर्दैव. त्याला आधी गुंड्या लावाव्या लागत, मग टपाल देता येई. "मराल तवा तिरडीच्या गाठीबी तुमीच तपासाल," असं त्यांची बायको भीमाबाई म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. पलटणीत नवा कोरा साहेब यायचा, खांद्यावर एक तारा, मिशीचा पत्ता नाही, आणि वयाने बापासारख्या सुभेदाराने त्याला सलाम ठोकायचा. साहेबाचं चुकलंमाकलं तर ते सुधारायचं कामही सुभेदाराचंच. त्याची एक रीत होती. जवानांसमोर अवाक्षर काढायचं नाही. परेड सुटली की साहेबाच्या तंबूत जायचं, सलाम करायचा आणि हळूच म्हणायचं, "साहेब, आज पट्टा जरा ढिला होता." साहेब चिडला तरी त्याची अब्रू झाकलेली राहायची. तुळशीराम म्हात्र्यांनी असे कितीतरी साहेब घडवले आणि एकाचीही चारचौघांत शोभा केली नाही. पदकांपेक्षा त्यांना याचा अभिमान जास्त होता.

चौसष्ट साली त्यांच्याच गावचा पोरगा असा साहेब होऊन आला. धर्मराज, रंभाबाईचा. रंभाबाईचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून ही बाई मिठागरात मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहत आली होती. त्याच डोक्यावर पोराचं शिक्षण झालं. चीनच्या लढाईनंतर सरकारला घाईने अधिकारी हवे होते. धर्मराज निवडला गेला आणि बघता बघता लेफ्टनंट झाला. गावाला आनंदाचं उधाण आलं. सुभेदारांनाही आनंद झालाच, पण खरं सांगायचं तर तो घशात कुठेतरी अडकला. जिथवर पोचता पोचता त्यांचे केस पिकले, त्याच्या वरच्या पायरीवर हे पोर पहिल्याच उडीत जाऊन उभं राहिलं होतं. ही जळजळ त्यांनी भीमाबाईलाही सांगितली नाही.

धर्मराज रजेवर आला, तेव्हा पनवेलच्या एस.टी. स्टँडवर ढोलताशे घेऊन अर्धं गाव जमलं होतं. सुभेदार कोटावर पदकं लावून, फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे. पोरगा गाडीतून उतरला. वर्दीत देखणा दिसत होता, पण गळ्याची गुंडी उघडी आणि तोंडात सिगारेट. सुभेदारांनी ते पाहिलं आणि गिळलं. घरी गेल्यावर बाजूला घेऊन सांगू, असं ठरवून त्यांनी टाचा जुळवल्या आणि खणखणीत सलाम केला.

धर्मराजने हात वर केला नाही. सिगारेटही काढली नाही.

"काय म्हातारबा," तो हसत म्हणाला, "अजून इंग्रजांचे पत्रे छातीवर लटकवूनच फिरता? गोरे गेले, कुणी सांगितलं नाही वाटतं तुम्हाला!"

लोक हसले. ताशेवाला तर जरा जास्तच हसला. ज्या पत्र्यांपायी बरोबरीची माणसं डोळ्यांदेखत चिखलात पुरावी लागली, त्यांवर स्टँडवरची हमाल मंडळीसुद्धा हसली. सुभेदारांच्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या.

एवढ्यात मागून रंभाबाई ओवाळणीचं ताट घेऊन पुढे आली. नवं लुगडं नेसलेली, चालताना अडखळणारी. आईला पाहून पोरगा सगळा साहेबपणा विसरला. त्याने आपली टोपी काढली, झटकन तिच्या डोक्यावर ठेवली आणि ओरडला, "ही बघा आमची कर्नल!" सगळा स्टँड खदखदून हसला. तिचे दोन्ही हात ताटाला गुंतलेले. टोपी तशीच डोक्यावर घेऊन ती लाजत, गालात हसत उभी राहिली. त्या डोक्यावर ओझं नसलेलं असं काहीतरी बहुधा पहिल्यांदाच आलं होतं.

"सावधान!"

सुभेदारांचा तो परेडचा आवाज गावाने कधी ऐकला नव्हता. ढोल थांबले. धर्मराजच्या टाचा आपोआप जुळल्या.

"गळ्याची गुंडी लावा, साहेब! सिगारेट फेका! आणि ती टोपी! तिच्यावर पलटणीची निशाणी आहे. ती कुणाही ऐऱ्यागैऱ्याच्या डोक्यावर ठेवायची नसते, हा कायदा नाही शिकवला तुम्हाला? उतरवा ती!"

धर्मराजचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने सिगारेट टाकली, गळ्याची गुंडी लावली. गर्दीतून कुणीतरी "शाब्बास सुभेदार!" म्हणालं, आणि क्षणभर त्यांना ते गोड लागलं. मग त्यांची नजर रंभाबाईवर गेली.

'उतरवा' हा हुकूम तिला आपल्यालाच वाटला होता. तिने ताट खाली ठेवलं, पदर दोन्ही हातांभोवती गुंडाळला, बोटं लागू नयेत म्हणून, आणि टोपी डोक्यावरून उचलली. ती तिने मुलाला दिली नाही. सुभेदारांपुढे येऊन धरली.

"चुकी झाली, सुभेदार," ती म्हणाली. "आमी अडानी मानसं. मना कायदा ठावं नाय. त्याची नोकरी जानार नाय ना?"

सुभेदारांनी टोपी घेतली आणि धर्मराजच्या हातात दिली. मिरवणूक निघाली खरी, पण ढोल कुणी वाजवला नाही.

सुभेदार मागे राहिले. स्टँडसमोरच्या हॉटेलातून चहावाला दाऊद हे सगळं बघत होता. तो न सांगता चहा घेऊन आला. सुभेदार बोलू लागले, की कायदा म्हणजे कायदा, उद्धट पोराला कुणीतरी आवरायलाच हवं होतं. दाऊदने ऐकून घेतलं. "कायदा बरोबर तुमचा, सुभेदार," तो म्हणाला. "त्या छोकऱ्याला झापलंत तेही बरोबर. पण अम्मा होती ना ती त्याची." चहा तसाच राहिला.

त्यांना लाज वाटली, आणि ती साधीसुधी नव्हती. आपण वर्दीची अब्रू राखली, असं मनाला बजावून पाहिलं, पण मन ऐकेना. खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. अपमान पोराने केला होता, जळजळ स्वतःची होती, आणि फटका बसला तो मीठ वाहून वाहून टाळू झिजलेल्या बाईला. जन्मभर पाळलेली रीत त्यांनी मोडली होती, तीही भर स्टँडवर. गावात लोक पाठ थोपटत, तेव्हा त्यांना वाटे की जमीन दुभंगावी. ते घराबाहेर पडेनासे झाले.

अखेर भीमाबाईनेच त्यांना घराबाहेर काढलं. ते मिठागरावर गेले. रंभाबाई फळी ओढत मीठ गोळा करत होती. त्यांना पाहताच ती लगबगीने बांधावर आली, पदर सावरून उभी राहिली. सुभेदार म्हणाले, "वयनी, त्या दिवशी माजंच चुकलं." तिला ते खरंच वाटेना. "तुमी कशाला चुकाल?" ती म्हणाली. "तुमी एवढे जानते. चुकलं आमचंच." माफी मागायला गेलेला माणूस माफी न मिळताच परतला. देणाऱ्याला द्यायचं काही आहे हेच ठाऊक नसेल, तर मागणाऱ्याने काय करावं?

रजा संपत आली. जायच्या आदल्या संध्याकाळी रंभाबाई सुभेदारांच्या अंगणात आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"उद्या धर्मा जातो," ती म्हणाली. "अंगावर वर्दी असल. सुभेदार, वर्दीतल्या पोराला आयनं पोटाशी धरलं तर चालतं का? आला त्या दिशी धरलंच नाय मी. कपडं काढून निजला तवा डोक्यावरून हात फिरवला, बस."

सुभेदारांनी मान खाली घातली. "चालतं, वयनी."

"तसा कायदा हाय ना पन?"

"हाय," ते म्हणाले. वर्दीच्या कायद्याबद्दल ते जन्मात पहिल्यांदाच खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी धर्मराज स्टँडवर आला, तेव्हा त्याची प्रत्येक गुंडी लावलेली होती. सुभेदारांना पाहून त्याने नियमात बसणारा सलाम केला, "जय हिंद, सुभेदार साहेब" म्हणाला, आणि नजर वळवली. त्यांनीही सलाम घेतला. मग तो आईच्या पायाशी वाकला. रंभाबाईचे हात उचलले गेले आणि तसेच अधांतरी थांबले. तिने मान वळवून गर्दीत सुभेदारांना शोधलं. पोटच्या पोराला जवळ घ्यायला ती त्यांची परवानगी मागत होती. त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे तिने त्याला धरलं. तेही अगदी हलक्या हाताने, कापडाला सुरकुती पडू नये म्हणून.