गिअरबॉक्समधला पोयटा

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. त्यामुळे नगरच्या शोरूममध्ये मी काउंटरवर हात आपटला, याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. शिवाय त्या दिवशी माझ्या पर्समध्ये वाढीव वॉरंटीची पुस्तिका होती आणि ती मला जवळजवळ पाठ होती.

गाडी माझी. नावावर माझ्या आणि चालवायलाही मीच. लहानपणी पोलिओने डावा पाय वाळला, त्यामुळे क्लचची गाडी मला कधी जमलीच नसती. आपोआप गिअर बदलणारी गाडी परवडायला लागली तेव्हा चाळिशी उलटलेली होती, तरी शिकले. नुसता उजवा पाय पुरतो. त्याआधी देवळाली प्रवराहून राहुरीच्या शाळेत शिकवायला मी ह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचे. ऊस तुटायला लागला की हे मळ्यात, आणि मी फाटकाशी डबा घेऊन उभी. एसटीची पायरी मला चढवत नाही. शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना झालेली असायची, आणि मुख्याध्यापक काही बोलत नसत, तेच जास्त लागायचं. गाडी आली आणि मी कुणाची वाट बघायची थांबले. दुसरं काही सुख सांगायची गरज नाही.

कंपनीची मूळ वॉरंटी संपत आली तेव्हा मी वाढीव वॉरंटी घेतली. विकणारा म्हणाला, "मॅडम, आता निर्धास्त राहा." कुणी निर्धास्त राहा म्हटलं की मला धास्ती वाटते. पुस्तिका घरी आणली आणि पेपर तपासतात तशी लाल पेन घेऊन वाचली. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर, गाडीतला कॉम्प्युटर, म्हणजे ज्याच्या नुसत्या नावाने छातीत धडकी भरते ते सगळं आत. टायर, ब्रेकचे पॅड, वायपर, बल्ब, म्हणजे झिजायचंच ते सगळं बाहेर. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, तेही कंपनीतच. मी एकही सर्व्हिसिंग चुकवलं नाही.

विमा भरताना एजंटने विचारलं होतं, इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी थोडं जास्तीचं संरक्षण घेता का. मी म्हटलं, गिअरबॉक्स वॉरंटीत आहे की, एका डोक्यावर दोन छत्र्या कशाला? ह्यांनाही ते पटलं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि दुसऱ्याच आठवड्यात गाडी आचके द्यायला लागली. एका सकाळी राहुरीच्या अलीकडे ती रस्त्यातच बसली. इंजिन ओरडतंय, पण गाडी जागची हलत नाही. क्रेनने उचलून नगरला नेली. गिअरबॉक्स गेलाय, पूर्ण बदलावा लागेल, असं शोरूमने कळवलं. खर्च ऐकून हे हबकले. मी मात्र शांत होते. वॉरंटी आहे ना, म्हटलं, काळजी कसली. चार दिवसांनी फोन आला, क्लेम नामंजूर.

माझा पारा चढला. ह्यांना ऊसतोडीच्या टोळीपासून हलता येईना, म्हणून माझे सासरे सोबत निघाले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांचा स्वभाव कमी बोलण्याचा. त्यात मी शिकलेली सून, तेव्हा माझ्याशी आणखी कमी. माझी नोकरी ही त्यांच्या लेखी हौस, आणि गाडी ही त्या हौसेची हौस, असंच मी धरून चालले होते. भाड्याची जीप करून आम्ही सावेडीतल्या शोरूमला पोचलो.

शोरूममधला सल्लागार तरुण आणि गोड बोलणारा. मी पुस्तिका उघडून त्याच्यासमोर ठेवली. "हे वाचा. गिअरबॉक्स आणि त्याच्या आतले सर्व भाग. सर्व म्हणजे काय, मी शिकवू का तुम्हाला?" इथेच तो हात आपटला.

"मॅडम, गिअरबॉक्स वॉरंटीत आहे," तो म्हणाला. "पाणी नाहीये."

आतून त्याने एक ट्रे आणवला. गिअरबॉक्समधलं ऑइल लालसर, पारदर्शक असतं म्हणे. हे दुधाच्या चहासारखं झालं होतं, आणि तळाशी मऊसूत गाळ. त्याने समजावून सांगितलं. गाडी चालून तापलेली असते. तशीच गार पाण्यात उतरवली की गिअरबॉक्स एकदम निवतो आणि हवा जायला ठेवलेल्या बारीक नळीतून पाणी आत ओढून घेतो. मग हळूहळू सगळं सडतं. "वॉरंटी कशाची असते, तर वस्तूत मुळात खोट निघाली त्याची. बाहेरून काही आत शिरलं तर तो विम्याचा विषय."

मी तिथूनच एजंटला फोन लावला. तो म्हणाला, ताई, ते जास्तीचं संरक्षण घेतलं असतंत तर काही करता आलं असतं. म्हणजे घोडं इथे पेंड खात होतं. गिअरबॉक्स वॉरंटीत होता, पाणी मात्र कुठेच नव्हतं.

"मग तुमच्याच धुण्याच्या फवाऱ्याने गेलं असेल," मी म्हणाले. हार मानणं माझ्या रक्तात नाही. "मी गाडी कधी पाण्यात घातलेली नाही. लिहून देते."

तेवढ्यात आबा पुढे आले. त्यांनी ट्रेमधला गाळ चिमटीत घेतला, अंगठ्याने चोळला आणि ट्रेकडेच बघत म्हणाले, "ह्यो नदीचा पोयटा हाय. गाडी म्या नेल्ती."

दसऱ्याच्या आधी मी माहेरी, संगमनेरला होते. भाऊ येऊन मला घेऊन गेला होता, त्यामुळे गाडी घरीच होती. परत आले तर गाडी लखलखीत, वर झेंडूची माळ. कुणी धुतली, विचारलं तर आबा "धुतली" एवढंच म्हणाले होते. मला वाटलं, हायवेच्या वॉशिंग सेंटरवर नेली असेल. त्यांनी चावी घेऊन ती प्रवरेच्या उताराला, चाकं बुडतील एवढ्या पाण्यात उभी केली होती. ट्रॅक्टर उभा करतात तशी.

"आवो, मला काय ठावं," ते सल्लागाराला म्हणाले. "ट्रॅक्टर दरसाल नेतो. त्याला कवा काय झालं न्हाई."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. मग मी बोलले ते चारचौघांत सासऱ्यांना कुणी बोलत नाही. "तुमच्यासाठी ती गाडी असेल, आबा. माझा तो पाय आहे. विचारायचं तरी होतं."

तेवढ्यात ह्यांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. हे समजुतीच्या सुरात म्हणाले, "राहू दे आता. एवढा खर्च घालण्यात अर्थ नाही. आहे तशी विकून टाकू. तू परत माझ्या मागे बसत जा."

फाटकाशी डबा घेऊन उभी असलेली मी मला दिसले. "विकायची?" एवढंच मी म्हणाले. आबांनी हात पुढे केला आणि फोन मागून घेतला.

"इकायची न्हाई," ते लेकाला म्हणाले. "उसाचं बिल आलं का आदी गिअरबॉक्स बशीव. ठिबक पुढल्या साली बघू. आन तवर तिला येळेवर सोडायचं. टोळी थांबंल." हे काहीतरी म्हणत असावेत. "चूक माजी हाय, मी सांगतो ना," म्हणून आबांनी फोन माझ्या हातात दिला.

बाहेर बाकावर आम्ही जीपची वाट बघत बसलो. माझा राग गेला नव्हता. खोटं कशाला सांगू. मी विचारलं, "आबा, अंगणात नळ आहे. नदीला कशाला नेलीत?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले,

"आमच्यात पद्धतच हाय. ज्याच्या जिवावर घर चालतं, त्याला दसऱ्याला नदीला न्यायचं. पयले बैल नेत हुतो, मग ट्रॅक्टर. दुसऱ्याला न्हाई नेत. दोन सालं पान्यानं दगा दिला तवा घर तुज्या पगारावर चाललं. माजं आपरेशनबी. मनात हुतं, बोलनं काय झालं न्हाई. औंदा म्हनलं, सूनबाईची गाडी आदी. ट्रॅक्टर तिच्या मागनं नेला."

मला रडू आलं. पदर तोंडाला लावला, पण त्यांना कळलंच असणार, कारण ते जरा सरकून बसले. वॉरंटीची पुस्तिका मी अथपासून इतिपर्यंत वाचली होती. ह्या माणसासोबत एका घरात राहून त्याला मात्र कधी वाचलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी बादलीने धुवा," मी म्हणाले.

"बादलीनं धुईन," ते म्हणाले. "पन आदी तीच."