सालईचं तेल आणि न धुतलेली भट्टी

चैत्र शुद्ध तृतीया, दुष्काळाचं दुसरं वर्ष. रक्कम चोवीसशे रुपये. हजर तिघं: पुण्याहून आलेल्या, मालिशची तेलं बनवणाऱ्या बाई, शेळ्या राखणाऱ्या मावशी, आणि संस्थेचा सचिव म्हणून मी.

आमची सहकारी संस्था गवती चहाचं तेल काढायची. दोन वर्षांत गवत जळून गेलं आणि भट्टी थंड पडली. घाटनांदूरच्या वरच्या माळावर तेव्हा एकाच जातीची झाडं तग धरून होती, सालई. तिची साल नखाएवढी खरवडली की डिंक पाझरतो आणि उन्हात सुकून मण्यासारखा होतो. मावशींनी हिवाळाभर शेळ्यांमागं फिरता फिरता सोळा किलो डिंक जमवला होता. त्यातल्या आठ किलोंचं वाफेवर तेल निघालं तीनशे मिली. मिलीला आठ रुपये ठरले होते.

बाईंनी कागदाच्या पट्टीवर थेंब टाकला, हुंगला, पुन्हा हुंगला.

"मावशी, यात काय मिसळलंत?"

"मी कावून मिसळीन?" मावशी उठूनच उभ्या राहिल्या. "मिसळायला माज्याकडं हाय काय? शेळीचं दूद?"

"गवती चहाचा वास येतोय. भेसळीचा माल मी घेत नाही. यापुढंही घेणार नाही."

दुष्काळापायी मावशी एकेक शेळी विकत होत्या, पण कुणी लबाड म्हटलेलं त्यांना चालत नसे. त्यांनी उरलेल्या पिशवीतला एक खडा काढला, बाहेरच्या चुलीतला निखारा आणला आणि खडा त्यावर ठेवला. "घ्या वास. सांगा, हाय का तुमचा चहा?"

खोलीत नुसती सालई दरवळली. बाई माझ्याकडं बघू लागल्या.

भट्टी मी धुतली नव्हती. टँकर आठ दिवसांनी येई, माणशी दोन घागरी. तेवढं पाणी तांब्याच्या नळ्यांवर ओतायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी ते तिथंच सांगितलं.

"सचिव भाऊ," मावशी म्हणाल्या, "रिकामी चरवी बी इसळून घेत्यात, मग दूद काढत्यात. लई शिकलात तुमी."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच शेळ्यांसाठी राखलेल्या आपल्या दोन घागरी आणल्या. मी माझ्या दोन घातल्या. सोडा टाकून तीनदा वाफ काढली, मगच उरलेला आठ किलो डिंक चढवला. बाई मुक्काम वाढवून थांबल्या.

ते तेल मी विसरलेलो नाही. रंग पाण्याला नुसती हळद दाखवावी तेवढा. वास आधी लिंबाच्या सालीचा, मग कच्च्या लाकडाचा, आणि शेवटी धूप विझल्यावर देवघरात राहतो तसा, फक्त धुराशिवाय. बाईंनी वापर सांगितला तो मी लिहून घेतला: चमचाभर तिळाच्या तेलात दोन थेंब, नुसतं कातडीला लावायचं नाही, पोटात घ्यायचं नाही, बाटली गडद आणि घट्ट बुचाची. माझा दुखरा गुडघा त्यानं बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण रुमालावर एक थेंब घेऊन डोळे मिटून बसलं की श्वास लांबतो. घड्याळ लावून मोजलंय, मिनिटाला अठराचे चौदा होतात. कोरड्या माळावरच्या झाडात एवढी शांतता साठलेली असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

बाईंनी पट्टी हुंगली आणि मावशींपुढं हात जोडले. "माझं चुकलं."

"नाक चांगलं हाय तुमचं," मावशी म्हणाल्या. "तोंड जरा सांबाळा."

दुसऱ्या खेपेचे चोवीसशे बाईंनी दिले. पहिली बाटली कुणी घेईना. ती मी घरी नेली आणि त्याच दराने, संस्थेच्या नव्हे तर माझ्या पैशातून, चोवीसशे मोजले. दोन्ही रकमा मावशींना.