चार दिवसांचा खाडा

परबकाकू जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांना निवांत बसलेलं मला आठवतच नाही. लालबागच्या चाळीत त्या आमच्या शेजारी राहायच्या. परळच्या एका इस्पितळात मुलांच्या वॉर्डात आया म्हणून जन्म काढलेला. निवृत्त झाल्या तरी पाय थांबेनात. चहासुद्धा गॅलरीत फेऱ्या मारत प्यायच्या. बसा म्हटलं की, “बसान काय अंडी घालू?”

माझ्या सहा वर्षांच्या मुक्ताला लघवीला सारखी जळजळ व्हायची. उन्हाळी लागली म्हणून सासूबाई धण्याचं पाणी पाजायच्या. डॉक्टरांचं औषधही दोनदा झालं. एके सकाळी लघवीत रक्त दिसलं तेव्हा काकू कडाडल्या, “ही उन्हाळी न्हय गो! मोठ्या इस्पितळात चल.” तीन दिवस सकाळची पहिली लघवी त्यांनीच तपासणीसाठी बाटलीतून तिथे पोहोचवली. मूत्रपिंडाचा टीबी निघाला. इतक्या लहान मुलांत तो सहसा होत नाही म्हणे. उजवं मूत्रपिंड थोडं खराब झालं होतं. औषधात खाडा पडला नाही तर उरलेलं वाचेल, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

औषध सुरू झालं आणि दुसऱ्याच सकाळी लघवी लालसर! मला वाटलं, पुन्हा रक्त. औषधच बाधतंय असं समजून मी गुपचूप गोळ्या थांबवल्या. काकू रोज विचारायच्या, “गोळी दिलंस?” मी खुशाल मान हलवायचे. पाचव्या दिवशी त्यांनी पाकीटच उचलून पाहिलं; गोळ्या तशाच होत्या.

घरात भडका उडाला. “आई आहेस की वैरीण?” नवरा ओरडला. सासूबाईंनी माझं माहेर काढलं. काकू मध्ये पडल्या, “तिका कित्याक बोलतास? गोळीन लघवी नारिंगी होता, ता रगत न्हय. ह्यां सांगूक मीच इसारलंय.” डॉक्टरीणबाईंपुढेही त्यांनी हेच सांगितलं आणि बोलणी खाल्ली.

त्या चार दिवसांनी काय बिघडवलं असेल, या विचाराने औषधाचे पुढचे सहा महिने मला धड झोप नव्हती. अखेर सोनोग्राफीत उरलेलं सगळं शाबूत निघालं. मी पेढे घेऊन काकूंकडे गेले आणि रडूच फुटलं.

“काकू, तुम्ही विसरला नव्हता. रंगाचं मला दोनदा सांगितलं होतंत. टीबी ऐकून माझं डोकंच चालेना. नंतर आठवलं, पण कबूल करायची हिंमत झाली नाही.”

“माका म्हायत आसा,” काकू म्हणाल्या. “पण त्या घरात तुका ऱ्हवाचा आसा, माका नाय.”