आडवी गाडी आणि उभे सल्लागार

बावन्नाव्या वर्षी मी दोनशे किलोची मोटारसायकल घेतली. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एवढ्या जड गाडीची गरज काय, असं घरातल्या कुणीच विचारलं नाही, याचंच मला वाईट वाटलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. मुलगी बंगळुरूहून फोनवर "बाबा, सावकाश चालवा" एवढंच म्हणाली. बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली, सीट हाताने दाबून पाहिली आणि विचारलं, "पडली तर?"

"पडेल कशाला?"

"बरं," म्हणून ती कुकर लावायला आत गेली. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, सत्तावीस वर्षं. पेशंट "मला काही होत नाहीये" म्हणतो तेव्हासुद्धा ती असंच "बरं" म्हणते, हे मला नंतर आठवलं.

गाडी घेतल्यावर आठवड्याभरात एका ग्रुपमध्ये माझी भरती झाली. नाशकात दर रविवारी सकाळी पन्नाशीच्या पुढचे पुरुष कातडी जाकिटं चढवून मिसळ खायला निघतात. स्कूटरवर जाऊनही तीच मिसळ मिळते, पण ते कुणी बोलून दाखवत नाही. आमच्या ग्रुपमध्ये पाच जण होते. ॲडमिन दातांचे डॉक्टर. ते एकदा लडाखला जाऊन आले होते आणि त्यानंतर त्यांच्याकडून दात काढून घेतानासुद्धा पेशंटला लडाख ऐकावं लागे. मी सामील झालो तेव्हा त्यांनी मला एक यादी पाठवली: गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट. मी सगळं आणलं. पहिल्या रविवारी ते अंगावर चढवायला मला पाऊण तास लागला आणि लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "सर, कुठे काही लागलंय का?"

ज्या रविवारची ही गोष्ट आहे त्या दिवशी बायकोची सुट्टी होती. मीच आग्रह करून तिला मागे बसवलं. तिने पंजाबी ड्रेस आणि रोजच्या चपला घातल्या. मी बुटांबद्दल दोन शब्द बोललो. तिने ऐकून घेतले आणि चपला बदलल्या नाहीत.

त्र्यंबक रस्त्याला सकाळी वारा छान असतो. आम्ही पाच गाड्या एकामागे एक, एकाच वेगाने, सगळ्या जगाला खोळंबून ठेवत चाललो होतो. मागून येणारी एसटी तीनदा हॉर्न वाजवून शेवटी आम्हाला ओलांडून गेली. ड्रायव्हरने खिडकीतून जे म्हटलं ते माझ्या बंद हेल्मेटमुळे मला ऐकू आलं नाही, पण बायकोला आलं. ती हसल्याचं मला पाठीवर जाणवलं.

मिसळीच्या हॉटेलासमोर गाड्या लावायची जागा थोडी उताराची होती आणि तिथे नुकतीच बारीक खडी टाकलेली होती. बाकीचे चौघे पुढे जाऊन उभे राहिले. मी शेवटचा. बाहेर बाकांवर बसलेली माणसं आमच्याकडे बघत होती, म्हणून मी गाडी जरा थाटात आणली, नको तिथे वळवली आणि थांबताना उजवा पाय खाली टेकवला. पाय खडीवर पडला आणि खडी निघाली उताराला.

गाडी पडली, असं मी म्हणणार नाही. पडणं झटकन होतं. ही म्हैस बसावी तशी सावकाश आडवी होत गेली आणि तेवढ्या वेळात मला सगळं कळत होतं: ती कुठे जाणार आहे, तिला मी थांबवू शकत नाही, आणि बाकांवरच्या लोकांनी चमचे खाली ठेवलेत. मी एका पायावर नाचत बाजूला झालो. बायको मागे नुसती उभी राहिली. तिच्या खालून गाडी निघून गेली आणि ती जागच्या जागी, ओढणीसुद्धा न हलता, खडीवर उभी होती.

"लागलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"दोन्ही पाय नीट टेकवून दाखवा."

मी दाखवले. मग ती बाकावर जाऊन बसली.

मी पंचवीस वर्षं सातवीच्या मुलांना तरफ शिकवतोय. टेकू, भार, बल. फळ्यावर मी पृथ्वीसुद्धा उचललेली आहे. त्या विश्वासावर मी गाडीकडे तोंड करून वाकलो, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि जोर लावला. घशातून एक आवाज निघाला, जो माझा होता हे मला पटकन ओळखता आलं नाही. गाडी वीतभर उठली, तिने क्षणभर विचार केला आणि परत बसली. त्याच वेळी माझ्या कमरेत चमक भरली.

एव्हाना चौघे मित्र जमले होते. मला वाटलं, आता पाच माणसं, एक गाडी, काम झालं. ॲडमिन म्हणाले, "सर, मी नक्की धरली असती. पण मानेचा मणका. डॉक्टरांनी पाच किलोच्या वर उचलायचं नाही म्हणून सांगितलंय." दुसऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. तिसऱ्यांची बायपास. चौथे गुडघ्यांचं काही सांगत होते, पण मध्येच हॉटेलवाल्याने "पाव किती आणू?" म्हणून विचारल्यामुळे ते राहिलं. एकूण, आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाकडे दोनशे किलोची गाडी होती आणि तांदळाची पिशवी उचलायची परवानगी एकालाही नव्हती.

सल्ले द्यायला मात्र कुणाचीच कुठली नस आखडलेली नव्हती.

"हँडल उलटं वळवा आधी."

"उलटं नाही, सुलटं. लडाखला आम्ही सुलटंच वळवायचो."

"पेट्रोल गळतंय. कुणी काडी ओढू नका."

"मोमेंट आहे सर, जरा इकडे बघा," असं म्हणून हर्नियावाल्यांनी माझा फोटो काढला.

रस्त्यापलीकडून पेरूची पाटी घेऊन बसलेले एक म्हातारे बाबा उठून आले. पांढरी टोपी, अंगात बंडी. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याच्या पॅडांकडे पाहिलं.

"लय जड हाय," ते म्हणाले. "बसलेला बैल शेपूट पिळून उठीवता येतो. हिला शेपूट बी नाय."

पण एवढ्या लोकांत हात लावणारे तेच पहिले. त्यांनी मागून धरली, मी पुढून. पुन्हा तो आवाज. गाडी गुडघ्याइतकी वर आली, माझा बूट खडीवर घसरला आणि मी गाडीच्या अंगावर पालथा पडलो. बाकांवरून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. त्यात दुःख कमी होतं.

तेव्हा बायको उठली. हातातला चहाचा ग्लास बाकावर ठेवला आणि ओढणी कमरेला घट्ट बांधून आली.

"सरका."

"अगं, दोनशे किलो आहे."

"वॉर्डातलं लोखंडी कपाट काय वीस किलोचं असतं?" ती म्हणाली. "तुम्ही सगळा भार कमरेवर घेताय. पेशंट असा उचलला असता तर मी पहिल्या वर्षीच खाटेला खिळले असते. बाबा, तुम्ही पलीकडून उभे राहा. माझ्या बाजूने उठली की तिकडे जाऊ देऊ नका."

"व्हय, बाई."

ती गाडीकडे पाठ करून उभी राहिली. हे बघून ॲडमिन म्हणाले, "वहिनी, तोंड गाडीकडे करा." तिने लक्ष दिलं नाही. गुडघे वाकवून ती खाली गेली, कंबर सीटच्या कडेला टेकवली, एक हात हँडलच्या टोकाला, एक मागच्या दांडीला. पाठ सरळ. चपलांनी पायाखालची खडी जरा बाजूला केली, मला वाटतं आमच्यापैकी हे कुणालाच सुचलं नव्हतं. मग ती मागे मागे चालायला लागली, छोटी छोटी पावलं टाकत, जशी गर्दीच्या बसमध्ये माणसं मागे सरकतात तशी. घशातून कसलाही आवाज नाही. गाडी उठली. आधी तिरकी, मग आणखी थोडी, मग सरळ. बाबांनी पलीकडून छातीने अडवली. "बस, बस, बस," ते म्हणाले, आणि मी पळत जाऊन स्टँड लावलं. एवढं मात्र मी केलं.

तिने हात झटकले आणि हॉटेलवाल्याला सांगितलं, "माझ्या मिसळीत तर्री कमी."

बाबांना आम्ही मिसळ खायला बसवलं, पण त्यांनी चहाच घेतला. जाताना त्यांनी बायकोला दोन पेरू दिले. मला दिले नाहीत.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर फोटो आले होते. खाली ॲडमिननी लिहिलं होतं: "सर्वांनी मिळून गाडी उभी केली. हीच आपली टीम!" फोटोत मी गाडीवर वाकलेलो, चेहरा लाल, दंडाच्या शिरा फुगलेल्या. खरं सांगायचं तर फोटो चांगला आला होता. सोमवारी तो कुणीतरी शाळेच्या ग्रुपवर टाकला. स्टाफरूममध्ये पीटीच्या सरांनी माझा दंड दाबून पाहिला. "सर, एकट्याने?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "दोनशे किलो आहे." हे खोटं नव्हतं. प्रश्न वेगळा होता, एवढंच.

कमरेला बायको रोज रात्री मलम लावायची. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू कोथिंबीर मागायला आल्या आणि दारातूनच तिला म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांनी म्हणे एकट्याने उचलली! या वयात!"

मी आत पालथा पडलेलो. बायकोचा आवाज ऐकू आला. "हो ना. मी होते तिथे."

ती आत आली आणि मलमाचं झाकण उघडलं. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पाच मिनिटं ती कंबर चोळत होती आणि मी उशीत तोंड खुपसून मनातल्या मनात शरमत होतो. मग मी मोबाईल घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, "गाडी माझ्या बायकोने उचलली. एक बाबा मदतीला होते. आपण कुणी उचलली नाही." वाटलं, आता ग्रुप फुटतो. दोन अंगठे आले. एकाचे जोडलेले हात आले. मग बायपासवाल्यांनी गुलाबाच्या फुलावर "शुभ रात्री" पाठवलं आणि विषय संपला.

कंबर बरी झाल्यावर मी बायकोला म्हणालो, "मला शिकव."

सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही जुनी गादी टाकली आणि गाडी मुद्दाम तिच्यावर आडवी केली. वॉचमनला वाटलं साहेबांचं काहीतरी बिनसलंय. "पाठ सरळ," बायको म्हणत होती, "कमरेने नाही, मांड्यांनी. श्वास कोंडू नका. आता मागे चाला." पहिल्या रविवारी जमलं नाही. दुसऱ्या रविवारी गाडी उठली. मला इतका आनंद झाला, की मी जोरात आणखी दोन पावलं मागे चाललो, आणि गाडी सरळ होऊन पलीकडच्या बाजूला आडवी झाली. तिकडे गादी नव्हती. बायको तिथेच पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तिला इतकं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

तिसऱ्या रविवारी गाडी उठली आणि उभी राहिली. मी पाठीने तिला तोलून धरली होती, मांड्या थरथरत होत्या.

"जमलं की," बायको म्हणाली. तिने घड्याळ पाहिलं, दुपारची ड्यूटी होती. हेल्मेट घालून ती आपल्या हलक्या स्कूटरवर बसली आणि गेटमधून निघून गेली.

मी तसाच उभा होतो. आता फक्त वळायचं होतं आणि पायाने स्टँड काढायचं होतं, आणि ते कसं करायचं हे विचारायला पार्किंगमध्ये कुणी नव्हतं.